थाळनेरची नोंद

ढाके सरांच्या वहीत, त्र्याऐंशीच्या चैत्रात,
शिसपेन्सिलीची एक ओळ आहे:
"थाळनेर. मधला घुमट. गुहापाकोळी, १."
पुढे काहीतरी खोडलंय.
कागद तिथे पातळ झालाय.

गुहापाकोळी आपल्या खानदेशात नसते.
ती वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर
अंधारात लाळेची वाटी करून राहते.
तापी जाते म्हणा समुद्राला,
पण ती सुरतेकडून, कुणाला न विचारता.

म्हणून मी आलो.
दुर्बीण, वही, डोक्यावर ओला रुमाल.
सुलतानांच्या कबरी भट्टीसारख्या तापलेल्या,
आणि घुमटाच्या पोटातून त्या सुटल्या,
तीस, चाळीस, किंचाळत,
मोजेपर्यंत नदीवर.

कमरेवर पांढरा पट्टा, शेपूट चौकोनी: घरपाकोळी.
शेपटीला खोल चिमटा, अंग काडीसारखं:
पलीकडच्या काठच्या ताडांवरची.
तारेवर बसली तर ती पाकोळीच नव्हे,
हिच्या पायांना लटकणं जमतं, उभं राहणं नाही.
आणि जी तपकिरी, सावकाश, पट्टा नसलेली,
तिने वळताना शेपूट पसरली
आणि त्यात पांढरे ठिपके दिसले
तर ती कड्यावरची भिंगरी.
सरांना बहुधा हीच फसवून गेली.
असं मी शिरपूरहून येतानाच ठरवलं होतं.

उस्मान पिंजारी बाजूला येऊन टेकले.
"काय दखी राहिना भो?
सर बी आशेच मान वर करीसन हुभा ऱ्हायेत."
पडलेलं एक घरटं त्यांनी उचललं,
उभा जन्म गादी पिंजलेल्या बोटांनी सोडवलं:
पिसं, बकरीचा केस, गवत,
आणि कापूस.
"हाऊ जिनिंगना," म्हणाले, "सरकी काढेल."
हवेत उडालेला, हवेतच पकडलेला,
थुंकीने चिकटवलेला.
भिंगरी माती आणते. ही मातीवर उतरतच नाही.
"आम्हले त्या समद्या पाकोयाच,"
एवढं बोलून त्यांनी तो कापूस
फुंकून परत सोडून दिला.

मग ऊन कलंडलं.
आभाळासमोर सगळ्याच काळ्या झाल्या,
पट्टेवाल्या, बिनपट्ट्याच्या,
माझी सगळी विद्या दुपारपुरती.

तेव्हा एक आली.
लहान. तपकिरी. कमर कोरी.
कबरींवरून दोनदा फिरली
आणि मधल्या घुमटात शिरली.
मी श्वास धरून थांबलो, वळ, एकदा वळ,
शेपूट उघड.
आत फक्त पंखांचा फडफडाट, मग तोही नाही.

उस्मानभाईंच्या बॅटरीपुढे सरांचं पान धरलं.
खोडलेल्या जागी उजेड आरपार आला:
वर एक आकडी, खाली एक टिंब.
त्यांनी आधी प्रश्नचिन्ह काढलं होतं.
मग पुसलं होतं.
कोणत्या दिवशी, कशाच्या भरवशावर,
हे आता विचारायचं कुणाला.

मी त्यांची ओळ खोडायला आलो होतो.
पेन्सिल होती. रबरही होतं.
माझ्या वहीत लिहिलं:
"थाळनेर. मधला घुमट. सहा पन्नास. १.
शेपूट पसरली नाही."