सोमवारी फुली नाही

आधी अंडं बंद केलं. मग दाणे, मग बोंबील.
साबण तीनदा बदलला.
शेजारच्या पारकरांचं मांजर उगीच बदनाम झालं.

दुधाच्या कॅलेंडरवर, लिटरच्या आकड्याशेजारी
मी फुली मारू लागले:
शिवन्या खाजवत जागली ती रात्र.
मानेच्या घडीत, हनुवटीखाली,
गालावर, पण उजव्याच.

म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई
मलमाचं नाव लिहिता लिहिता म्हणाल्या,
एकच गाल का गं?

घरी येऊन पान उलटं मागे नेलं.
सोमवारी फुली नाही.
एकाही सोमवारी नाही.

ओशिवऱ्याचा कारखाना सोमवारी बंद.
बाकी दिवस हा आठला येतो,
चपला काढायच्या आधी तिला उचलतो,
ती खांद्यावर गाल टेकते.
शर्टात शिसवीचा भुसा,
मैद्यासारखा. झटकला तरी दिसत नाही.

सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही.
तळहात तेवढे उलटसुलट पाहिले.

आता आल्या आल्या मोरी. कपडे वेगळ्या बादलीत,
केस दोनदा धुतो.
ती दारावर थापा मारते,
बाबा, झालं? बाबा, झालं?
आत पाणी वाहतच राहतं.