सतरा नंबर

तार्तूत डिसेंबरचा उजेड नऊला येतो,
आल्यासारखं करतो,
आणि साडेतीनला निघून जातो.
मी तोवर तळघरात असते.
उंदरांना माझा वास पाठ आहे:
ओले लोकरी मोजे, राईचा पाव, साबण.

प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या.
एकीत पाणी, दुसरीत पाण्यात मिसळलेलं मद्य.
रोज त्यांची अदलाबदल करायची,
उंदराला जागेची सवय लागू नये म्हणून.
रोज तोलायच्या. ग्रॅम लिहायचे. खाली सही: आएत.

सतरा नंबरला रोज अर्धा तास
प्लॅस्टिकच्या नळीत ठेवलं.
इजा काही नाही. फक्त वळता येत नाही.
तेवढंच पुरतं.
त्याच्या मेंदूत तिळाएवढी,
आपल्या मेंदूत बदामाएवढी एक गाठ आहे,
ती घंटा बडवते.
खाली मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या ग्रंथी
दचकून जाग्या होतात,
रक्तातून वर्दी फिरते: पळ.
नळीत पळणार कुठे?
सुटला की सतरा नंबर आधी पाण्याकडे जायचा.
नवव्या दिवसापासून नाही.

माझा नवरा वाम्बोला
बावीस वर्षं आणीबाणीचे फोन घ्यायचा.
कानात कुणाचं तरी घर जळत असायचं
आणि हातांनी फक्त पत्ता टाइप करायचा.
खुर्ची सोडायची नाही.
तीही नळीच, चाकं लावलेली.

पहिल्या ग्लासाला त्याचे खांदे
दोन बोटं खाली उतरतात. मी पाहिलंय.
ते खोटं नसतं.
घंटेवर खरोखरच कुणीतरी घोंगडी टाकतं.
पण मेंदू हट्टी,
घोंगडी पडली की तो अजून जोरात बडवायला शिकतो.

माझ्या माहेरी गावच्या माळावर
एक मोठा लाकडी झोपाळा होता,
आठजण उभे राहायचे त्यावर.
एका अंगाला जेवढा रेटाल
तेवढाच तो दुसऱ्या अंगाला चढायचा.
रात्री तीनला दारू उतरते
आणि तो झोपाळा परत येतो,
रिकामा, पूर्ण वेगात.
वाम्बोला उठून बसतो. बनियन भिजलेलं.
"फोन वाजला?"
लँडलाइन काढून चार वर्षं झाली.
मग तो स्वयंपाकघरात जातो
आणि ज्याने जागा झाला
तेच औषध म्हणून घेतो.

नणंद म्हणते, मनाचा कच्चा आहे, पहिल्यापासून.
असेल.
एकोणीस वर्षं मी वही लिहितेय:
तारीख, वजन, डावी, उजवी.
मनाचा कच्चा असा रकाना
कुणी आखून दिला नाही मला.

एकदा मी त्याची बाटली
पिठाच्या डब्यामागे ठेवली,
मग सौनाच्या लाकडांखाली,
मग शिवणयंत्राच्या पेटीत.
तिन्ही वेळा त्यानं एका फेरीत शोधली.
मला हसूच आलं, वाईट तऱ्हेचं:
जागेची सवय नाही, एवढं तर सिद्ध झालं.
त्या रात्री मी ती
केकच्या वजनकाट्यावर ठेवली
आणि मागून तो म्हणाला,
"माझा कितवा नंबर?"

ग्लास कुणीच उचलला नाही बराच वेळ.
फ्रिज गुरगुरत होता.
"आणि तुझा तो सतरा?"
नळी बंद करून तीन आठवडे झाले, मी म्हटलं.
"मग?"
अजून त्याच बाटलीकडे जातो.
"हं."
पण वाटेत थांबतो आताशा.
मिशा हलवतो, पाण्याकडे तोंड करतो,
मग जातो.
"किती वेळ थांबतो?"
ते आम्ही मोजत नाही.

वाम्बोलानं हात टेबलाखाली घेतले,
थरथर मला दिसू नये म्हणून.
"ते मोज," म्हणाला.

प्रयोग संपल्यावर उंदरांचं काय करतात
हे त्यानं विचारलं नाही.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं:
तीन वाजून अकरा मिनिटं.
ग्लास दोघांच्या मध्ये.
तीन बारा.
तीन तेरा.