आठचा पाना

क्लच गेला तो बाजाराच्या चढावर, शनिवारी.
पेडल खाली गेलं आणि खालीच बसलं,
रुसल्यासारखं नाही, दमल्यासारखं.
मागच्या ट्रकवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.
शेवटी पहिल्या गिअरमध्येच स्टार्टर मारला
आणि धक्के खात, एकही सिग्नल न मानता,
निवा गल्लीत आणली.

गाडी बापाची. म्हणजे आता आम्हा दोघांची.
एक आठवडा मेखाककडे, एक माझ्याकडे.
किल्ली वार्सिक काकूंच्या दारामागच्या खिळ्याला.
तीन वर्षं आम्ही भाऊ त्या खिळ्याशीच बोलतो.

कारण कबुतरं.
बापाचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्या सकाळी
त्याची कबुतरं मी अर्तिकच्या एका माणसाला विकली.
विचारलं नाही.
होती वीस, मोजून दिली एकोणीस.
विसावं ससाण्याने नेलं असणार
असं मी धरून चाललो.

सिलिंडरचं रबर मी एकट्याने बदललं.
पण आत शिरलेली हवा काढायला माणसं दोन लागतात:
एक वर, पेडलवर पाय ठेवून,
एक खाली, उताणं, पाना घेऊन.
मी फावड्याचा दांडा सीट आणि पेडलच्या मध्ये रोवून पाहिला.
एकदा निसटला.
दुसऱ्यांदा हॉर्नवर पडला आणि तिथेच अडकला.
ग्युम्रीतली अर्धी कुत्री जागी झाली.

हॉर्न ऐकून आला की काकूंनी धाडला,
ते मी विचारलं नाही.
माझा झिजलेला पाना त्याने उचलून बाजूला ठेवला
आणि खिशातून स्वतःचा काढला, आठचा.
म्हणजे घरूनच ठरवून निघाला होता.

नोव्हेंबरची जमीन. तिच्यावर वॉशिंग मशीनचा पुठ्ठा.
जर्दाळूच्या मुरांब्याची रिकामी बरणी,
तळाशी बोटभर ब्रेक ऑइल,
त्यात बुडवलेली नळी.
मला दिसत होते फक्त त्याचे बूट.
त्याला माझं काहीच दिसत नसणार.

दाब.

धर.

मग पान्याची कुरकुर, पायाखाली पेडलचं विरघळत जाणं,
पुन्हा कुरकुर, आणि

सोड.

तीन वर्षांत तीन शब्द, तेही माझ्या पायाला.
बरणीत बुडबुडे येत राहिले,
आधी ढेकरांसारखे, मग मोहरीएवढे.
जुनं ऑइल काळ्या चहासारखं.
मी टाकीत नवं ओतत राहिलो. दाब. धर. सोड.
नऊ वेळा, की दहा.

तेवढ्यात गॅरेजांच्या पत्र्यांवरून
कुणाची तरी कबुतरं वळली, एकदम, सगळी.
मी वर पाहिलं.
पाय उचलला गेला.

नळीने बरणीतून मोठा घोट घेतला.
खाली शांतता.
मग, "कुणी सांगितलं सोडायला?"

मी गप्प.

"ओनिक. कुणी सांगितलं होतं?"
"कुणी नाही."
"विचारायचं असतं."
"हो."

कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती.
मग त्याने नाक ओढलं, थंडी होती,
आणि म्हणाला, दाब.

पुन्हा पहिल्यापासून.
अंधार पडला. काकूंनी खिडकीतून दिवा धरला,
त्यांच्या सोयीने, म्हणजे बहुतेक माझ्या डोळ्यांवर.
आणि कधीतरी, कितव्या खेपेला ते मोजलं नाही,
तळव्याला खालून काहीतरी भिडलं.
कुणीतरी पलीकडून हात टेकवावा तसं.
"आलं," मी म्हणालो.
"माहीत आहे," खालून उत्तर.

पान्याचा शेवटचा आटा. बूट हलले नाहीत.
"विसावं माझ्याकडे आहे," तो गाडीखालूनच म्हणाला.
"चाळिसाव्याच्या आधीच नेलं मी. मीही विचारलं नाही.
आता म्हातारं झालंय. उडत नाही, नुसतं खातं."

मी पेडल तसंच दाबून बसलो होतो.
त्याने अजून सोड म्हटलं नव्हतं.