सातवी

मी सातवी.
इयत्ता नव्हे, मुख्याध्यापिका.
उलानबातरच्या या शाळेत माझ्याआधी सहा जण येऊन गेले
आणि त्यांचे सहा मग स्टाफरूमच्या कपाटात पालथे पडलेत.
एकाचा कान तुटलाय,
त्यात दुलामसुरेन पेन्सिलींचे तुकडे ठेवते.

मी डनेडिनची. तिथं थंडी म्हणजे जास्तीचा एक स्वेटर.
इथं पहाटे पाचला उठून आकडे बघते:
पारा उणे एकतीस, धूर चारशेच्या वर.
मैदान उघडायचं की नाही एवढं ठरवणं
हेच माझं नेतृत्व, नोव्हेंबर ते मार्च.
बाकीचं सगळं भिंतीवर लावलंय,
पाच मूल्यं, पाच रंगांत.
सहाव्याच्या काळात सात होती म्हणे.

पहिल्या आठवड्यात हजेरी घेतली.
हेवॉन, इल्मारी, नारान्त्सेत्सेग…
तिथं जीभ ठेचकाळली.
वर्ग हसला नाही. वर्गाला सवय होती.
मागून दुलामसुरेननं नाव एकदाच उच्चारलं, हलकेच,
खांद्यावरून घसरलेली कुणाची शाल नीट करावी तसं.
मी पुन्हा म्हटलं.
मुलीनं मान वर केली.

कागदोपत्री ती 'सहायक'.
एकोणीस वर्षं सहायक.
मुलं मला झाखिराल म्हणतात, म्हणजे कारभार हाकणारी.
तिला म्हणतात बग्श, म्हणजे गुरू.
मुलांना पगारपत्रक वाचता येत नाही.
मला येतं.
माझ्या घरभाड्याच्या रकान्यातला महिन्याचा आकडा
तिच्या पगाराच्या रकान्यापेक्षा मोठा
आणि पानाच्या तळाशी सही माझी.

विश्वस्तांपुढे मी विषय काढला.
इतिवृत्तात ओळ आली: पुढील सभेत विचार व्हावा.
पुढील सभेत जनरेटरवर विचार झाला.
मीही हात वर केला. जनरेटर खरंच बिघडला होता.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी इल्मारीच्या बापाची बदली आली.
आमची मुलं अशीच जातात.
वहीत रेघ मारलेली, खाली छेद लिहिलेला,
वरचा अंश लिहायचा राहिलेला.
मी निरोपाचं भाषण केलं, सारं जग तुझं घर वगैरे.
छान झालं.
ऑक्टोबरमध्येही छान झालं होतं.

गाडी फाटकाबाहेर वळली
तशी दुलामसुरेन कोट न घालताच धावली,
एका हातात वाटी, दुसऱ्यात लाकडी पळी,
आणि चाकांच्या खुणांवर तिनं दूध शिंपडलं.
जाणाऱ्याची वाट पांढरी व्हावी म्हणून.
थेंब जमिनीला टेकता टेकता गोठले.
इल्मारी मागच्या काचेतून बघत होता,
माझ्याकडे नव्हे.

"आजवर किती जणांसाठी केलंस हे?"
"मोजलं नाही. सहाही झाखिराल त्यात आले.
चौथ्याच्या वेळी तेवढं दूध संपलं होतं."
मग वाटी पदरात धरावी तशी छातीशी धरून हसली.
"म्हणजे, मी संपलं म्हणून सांगितलं."

करार वाढवायचा का, विचारणारं पत्र टेबलावर पडून आहे.
शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय.
मी म्हटलं, दुलामसुरेन, मला तुझ्या वर्गात बसू दे,
शेवटच्या बाकावर, नुसती बघायला.
"बसा," ती म्हणाली, "पण आधी माझं नाव नीट घ्या.
सहा महिने चुकताय.
ल असा सरळ नाही सोडायचा.
जीभ दातांमागे टेकवा
आणि तिच्या कडांनी वारा जाऊ द्या."

फाटकात उभी राहून मी प्रयत्न केला.
तोंडातून नुसती वाफ.
पुन्हा वाफ. पुन्हा.
पाचव्यांदा तिनं मान हलवली,
जमलं म्हणून की पुरे म्हणून,
ते कळलं नाही.
घंटा झाली, ती आत गेली.