खाच

ओंडका केळ्यासारखा कापला गेला.
कैलास म्हणाला, ताई, मी सरळच धरली होती करवत.
धरली होती. मी बघत होते.
दोन्हीकडच्या दातांना कानसही त्यानं
सात सात हात, मोजून मारलेली.
चेन आठ दिवसांची.
तरी ती डावीकडे ओढत राहिली,
चाक वाकलेल्या हातगाडीसारखी,
आणि रेसिडेन्सीमागच्या रस्त्यावर
वादळानं आडवा केलेला शिरीष
निम्मा तसाच, तारांखाली,
आणि वीज कंपनीचा साहेब मनगटाकडे बघत.

मग मी, स्कूटीवर, पायांशी पट्टी,
गोणपाटात गुंडाळलेली. सियागंज.

कितीची, मुर्तजाभाई विचारतात.
पिच पॉइंट तीन पंचवीस, गेज अठ्ठावन्न, कड्या बहात्तर.
मी एका दमात सांगते,
पावकी-निमकी म्हणावी तशी.
चार वर्षं हेच सांगत आलेय.
(मोजते मराठीत, बाजार हिंदीत.
एकदा बासष्ट कड्यांची घेऊन घरी गेले होते;
चूक कुणाच्या कानाची, अजून ठरलं नाही.)

“लिखा हुआ मत बताओ,” ते म्हणतात,
“पट्टी दिखाओ.”

मोडक्या हॅकसॉ पात्याच्या टोकानं
ते खाच कोरतात.
शिरीषाचा भुसा, त्याखाली कडुनिंबाचा,
त्याखाली कुठल्या झाडाचा ते मलाही नाही सांगता येत,
तेल पिऊन सगळा एकच काळा.
मग चावीच्या कडीतल्या पातळ पत्र्यांतून
एक निवडून खाचेत उभा करतात.
अठ्ठावन्नचा.
तो उभा राहत नाही.
कलतो, दुपारी दुकानात पेंगणाऱ्या पोरासारखा.
मग त्रेसष्टचा. तो नीट बसतो.

फरक इंचाच्या हजार भागांतला पाच.
माझ्या वेणीतले दोन केस, त्यातला एक पांढरा.
एवढ्या जागेत चेन कलली
आणि हातभर जाड लाकडात
चार बोटं वाकडी गेली.

पट्टीवर कोरलेला आकडा मात्र कोरा करकरीत.
त्यावर बोट फिरवलं.
खोटा नव्हता तो,
कोरला त्या दिवसापुरता खरा.
नंतर कुणी पुन्हा मोजलंच नाही,
मीसुद्धा नाही. मी तर वाचत होते.

मग त्रेसष्टची चेन द्या, मी म्हणते,
बसेल की आता.
(पट्टीचे पैसे म्हणजे कैलासची दोन दिवसांची मजुरी,
आणि बिल अजून साहेबाच्या टेबलावर.)
ते टोकाचं छोटं दातेरी चाक अंगठ्यानं फिरवून दाखवतात.
खाच झिजली, नाक अजून अठ्ठावन्नचंच आहे.
इथे आत शिरणार नाही, तिथे उभी राहणार नाही.
“और कहीं मिल जाएगी. मैं नहीं दूँगा.”
हे ते रागानं बोलत नाहीत.
चहा मागवतात.
उधारीच्या वहीत माझं नाव लिहितात,
आडनाव दर वेळेसारखंच चुकवून,
फणसेचं फनसी.

संध्याकाळी रस्त्यावर कैलास नवी पट्टी चढवतो,
नट आवळतो, थोडा सैल करतो, पुन्हा आवळतो.
मग चेन मधोमध चिमटीत धरून वर उचलतो.
कड्यांची पाती खाचेतून जराशी डोकावतात.
सोडतो.
टक्.
आपल्या जागी.

मी काही बोलत नाही. तोही नाही.
साहेब तेवढ्यात म्हणतो, झालं का?

वाकडा ओंडका कैलासनं घरी नेला.
आईला बसायला, चुलीपुढे.
एका बाजूखाली विटेचा तुकडा लावला होता,
तिनं तो काढून टाकला.
म्हणते, असू दे,
फुंकणी घातली की
आपोआप पुढे झुकायला होतं.