सात मिनिटं

दुधाचे टँकर पहाटे साडेतीनला सुटतात, सान होसेच्या बाजूला.
कोणता टँकर कुठल्या गोठ्यावर किती वाजता,
ते आम्ही ठरवतो, मोंतेविदेओत, चौथ्या मजल्यावर.
आमच्यातल्या चौघांनी जन्मात गाय हाताळलेली नाही.
पाचवी अनाई. तिला लाथ बसलीय.

सकाळचा भोपळा वॉशिंग्टन भरतो
(हो, हेच नाव, आमच्याकडे खपतं).
कडू पाला, वर पाणी, उकळू न दिलेलं.
पहिला घोट त्याचा, कारण तोच सगळ्यात कडू.
मग एक नळी, पाच तोंडं, उजवीकडून फिरत:
कुणाची बिल्ड तुटलेली, कुणाच्या घरी अबोला.
'ग्रासियास' म्हणालात की संपलं,
पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात.
एदिक्सोन व्हेनेझुएलाचा, वळणाचा मुलगा,
दर घोटाला ग्रासियास म्हणायचा
आणि दिवसभर कोरडा बसायचा.
आठवडाभर कुणी सांगितलं नाही.
आम्हाला वाटलं, आवडत नसेल.

त्यालाच सापडली ती ओळ.
गोठा दोनशे बारा असेल तर मिळवा सात.
का, ते नाही. तारीख नाही.
शेजारी फक्त ओमारची आद्याक्षरं,
आणि ओमार तर दोन वर्षांपूर्वी गेला,
त्याचा मग अजून कपाटात आहे, पेनं ठेवायला.
एदिक्सोननं ओळ काढली. साफसफाई म्हणून.
तपासायला माझ्याकडे आली.
शुक्रवार होता, सव्वापाच.
मी 'ठीक' म्हणाले, वाचल्यासारखं करून.

सोमवारी पहाटे पाच वाजता फोन.
दोनशे बारानंतर एकूण एक गोठा उशिरा,
दूध तापतंय, चालक शिव्या देताहेत,
शेवटच्या गोठ्यावरच्या बाईनं तर फोन उचलणंच सोडलंय.
आम्ही आपापल्या स्वयंपाकघरांतून जोडले गेलो.
अनाईच्या मांडीवर तापानं फणफणलेलं पोर,
वॉशिंग्टनच्या कॅमेऱ्यात नुसतं छत.
एदिक्सोन बोलेना.
मग म्हणाला, मी केलं.
मी म्हणाले, मी पास केलं.
वॉशिंग्टनचं छत म्हणालं, ते नंतर रडा,
आधी टँकर कुठे थांबतो ते बघा.

नकाशावर ठिपका दोनशे बारापाशी आला
आणि तिथेच राहिला.
नळी काढली, झाकण लावलं, दूध भरलं,
तरी ठिपका हलेना.
शेवटी चालकालाच विचारलं, एलादिओला:
तिथं काय होतं हो?
तो बराच वेळ गप्प. इंजिनाचा आवाज.
मग म्हणाला, साहेबांना सांगणार नाही ना?
दोन्या एल्विरा भोपळा घेऊन फाटकात उभी असते.
एकटीच असते बिचारी.
दोन घोट तरी घ्यावे लागतात.
ओमार एकदा माझ्यासोबत आला होता, हिवाळ्यात,
त्यानंही घेतले.
त्यानं घड्याळात पाहिलं होतं, आता आठवलं.

कुणी काही बोललं नाही.
अनाईचं पोर तेवढं खोकलं.

सात परत घातले, सहा वाजून दहा मिनिटांनी.
या वेळी एदिक्सोननं वर तीन ओळी लिहिल्या,
शुद्ध, व्याकरणासह,
म्हातारीचं नाव लिहावं की नाही यावर अर्धा तास घालवला
आणि शेवटी लिहिलं: 'गोठा २१२. थांबणं आवश्यक. ओमारला माहीत होतं.'
मी टेस्ट जोडली.
ती हिरवी झाली तेव्हा मला उगीचच
स्क्रीनला हात लावावासा वाटला.

महिन्याच्या अहवालात ती ओळ तांबडी येते:
वाया गेलेला वेळ. कारण द्या.
वॉशिंग्टन दर महिन्याला 'फाटक' एवढंच लिहितो.
अजून कुणी विचारलेलं नाही, फाटकाला झालंय काय.

मंगळवारी फेरी एदिक्सोनपाशी पोचली.
तो प्याला, नळी गुरगुरेपर्यंत,
तोंड उघडलं, सवयीनं,
मग मिटलं
आणि भोपळा तसाच पुढे केला.