चार युनिट

गोष्ट लिहायची असं ठरवून
सहा महिने मी नुसतं आभाळच लिहीत होतो.
आभाळ भरून आलं होतं.
आभाळ निरभ्र होतं.
आभाळाचं काय चाललं होतं ते त्यालाच ठाऊक,
त्याच्याखाली माणूस काही येऊन उभा राहीना.

वही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली,
जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी.
तेवढ्यात बांगडे आले असते, हे घरी दोनदा ऐकलं.

शेवटी सगुणला दाखवली. सगुण नार्वेकर,
आमच्याच खात्यातला वायरमन.
खांबावरून उतरला, हात पँटला पुसले,
तीन पानं उभ्या उभ्या वाचली.
म्हणाला, "आभाळ बरें आसा.
पूण बिल कोणाच्या नांवार?"

मी मीटर रीडर. हळदोण्यातले तीनशे बारा मीटर माझे.
कोणाचा तुळशीमागे, कोणाचा खुरसाजवळच्या भिंतीत,
एक तर गोठ्यात, जिथे म्हैस
शेपटी मारून आकडे वाचू देत नाही.
घर नंबर एकशे चाळीस मिनेझिसांचं.
माणसं स्विंडनला. शिंपल्यांच्या खिडक्या बंद,
बलकांवात फणसाची वाळकी पानं,
आणि कोणाचाच नसलेला एक कुत्रा,
ज्याच्या बरगड्याही मी येता-जाता वाचत असे.
सात वर्षं तिथला आकडा एकच, चार हजार चारशे अठरा.
वापर: शून्य.
शून्य लिहायला काही लागत नाही,
तिथवरची चढण मात्र लागते.

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला
मी मीटरची काच रुमालाने पुसली.
मग चष्म्याची.
चार हजार चारशे बावीस.

चार युनिट. कोणाला काय त्याचं?
मला मात्र धंद्याची सवय:
चाळीस वॅटचा दिवा, शंभर तास.
रात्रीचे पाच धरले तर वीस रात्री.
नाहीतर हजार वॅटची इस्त्री, सलग चार तास.
चार तास कोण कपडे इस्त्री करतं?
कोणाचे? फेस्ताला अजून अवकाश होता.

शेजारच्या आपोलोनियाबाई पायरीवर भिंडां सोलत होत्या.
म्हणाल्या, कोण येवंक ना.
फार लवकर म्हणाल्या.
कुत्रा दारात आडवा पडलेला,
भुंकला नाही.
बरगड्या मोजायला गेलो तर सापडेनात.

नियम असा, की काही वेगळं दिसलं
तर शेऱ्याच्या रकान्यात लिहावं.
रकाना एवढासा, त्यात "कुलूप" मावतं,
"मीटर नादुरुस्त" दाबून बसवावं लागतं.
मी आकडा लिहिला. रकाना कोरा ठेवला.
नोकरीत असं पहिल्यांदाच.

रात्री जेवण झाल्यावर वही काढली.
आभाळ ओलांडून नवं पान.
एकशे चाळीस नंबरच्या घरात कोणीतरी इस्त्री करत होतं.
एवढं लिहिलं आणि उठून पाणी प्यायलो.
परत आलो, तरी इस्त्री चालूच होती.

मग "कोणीतरी" खोडून "बाई" केलं.
बाईने एकच बाही किती वेळ दाबली असती?
बाई खोडली, म्हातारा बसवला.
म्हाताऱ्याला इस्त्री येईना,
कॉलर पिवळी पडली, मला जळका वास आला.
तो वास मी ठेवला.
शर्ट कोणाचा ते अजून कळलेलं नाही,
पण तो म्हाताऱ्याच्या मापाचा नव्हता, एवढं नक्की.

अकरा वाजता वीज गेली.
सगळा वाडा एकदम काळा.
दोन दारं उघडली, कोणीतरी खात्याला शिव्या घातल्या,
म्हणजे पर्यायाने मला.
मेणबत्ती शोधायला हवी होती.
मी तसाच बसलो, पेन बोटांत धरून,
म्हातारा आता अंधारात काय करेल याचा विचार करत.
इस्त्री अजून गरम होती.
शर्टाची दुसरी बाही राहिली होती.